राखणीचा आवाज

१

माझा आवाज मोठा हाय, हे अख्ख्या निरवांगीला ठाव हाय. मी वट्यावरनं हाक दिली की पल्याडच्या वस्तीवरची म्हसरंबी मान वर करायची. आमचं मालक लग्नापासनं म्हणत आलं, "लीले, देव तुला घसा देताना माप इसरला." मी म्हणायची, "आन् तुमाला कान देताना झोपला व्हता जणू!" आता मात्र मी हे दार लावून, हळू आवाजात सांगतीया.

आमची ज्वारी अर्धा एकर. बाकी सगळा ऊस. आमच्याच रानात न्हाय, निरा नदीपतूर नजर टाका, ऊस सोडून दुसरं पीक दिसायचं न्हाय. ज्वारी करतंय कोण आता? पण मालकास्नी साखर निघाली आन् इंदापूरच्या डॉक्टरनं गव्हाची चपाती बंद केली. मालक हट्टाला पेटलं. इकतची ज्वारी नको, घरच्याच दाण्याची भाकरी पाहिजे.

पूर्वी घराघराची ज्वारी असायची, तवा पाखरंबी सगळ्यांत वाटून जायची. सासूबाई कडेचं एक तास, म्हंजी ज्वारीची एक ओळ, पाखरांचं म्हणून सोडायच्या. त्या तासावर गोफण फिरवू द्यायच्या न्हाईत. आता बांधावरच्या बाभळी गेल्या, फवाऱ्यानं किडं गेलं, किड्यांवर जगणारी गेली. जी काय चिमण्या, सुगरणी, व्हलं उरली व्हती ती सगळी मिळून आमच्या अर्ध्या एकरावर. दुसरीकडं जाणार तरी कुठं बिचारी! पण तवा मी त्यास्नी बिचारी म्हणत न्हवते. तवा मी रानातल्या राखणीच्या माळ्यावर उभी राहून शिव्या घालत व्हते.

आमचा ऋषिराज बारामतीला कंपनीत हाय. एका रविवारी त्यानं भोंगा आणला. म्हणाला, "आई, तू एकदाच ओरड. मग दिवसभर ह्यो ओरडंल." मी कंबरेवर हात ठेवून, जीव खाऊन ओरडले, "हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽ हुर्रर्र! चल नीघ!" त्यानं भोंगा माळ्याला बांधला. मी घरात भाकरी थापायची आन् रानात माझाच आवाज फिरायचा. मालक खुशीत. म्हणालं, "एक बायको व्हती ती झेपत न्हवती, आता दोन झाल्या!"

२

पाखरं काय येडी न्हाईत. आठवडाभरात ती भोंग्यावरच बसून शिटायला लागली. कणसं वरनं मोकळी व्हायला लागली. मालकांचं डोकं फिरलं.

शेजारच्या सोनबाची सासुरवाडी पळसदेवची. तिथल्या मासेमाऱ्यांकडनं त्यानं जुनी जाळी आणून दिली. आमी बांबू रोवलं आन् ज्वारीच्या कडंनं जाळं ताणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर जाळं हलतंय. वारं न्हवतं. जवळ गेलो तर सगळं जाळं पाखरांनी भरलेलं. कुणाची मान अडकली व्हती, कुणाचा पंख उपटून लोंबत व्हता. एका सुगरणीनं सुटायसाठी स्वतःचा पाय तोडला व्हता आन् तरी ती तिथंच व्हती.

"जाळं कापायचं न्हाय," मालक म्हणालं. मग पाखरू काढायचं कसं? मुंडी पिरगाळून. मालकांनी एका बाजूनं सुरवात केली, मी दुसऱ्या. खोटं कशाला बोलू? चिमणी मुठीत घेतली की तिचं काळीज आपल्या बोटाला लागतं. ते धडधडत असतं, आन् मग कट्टकन थांबतं. माझी बोटं रक्तानं चिकट झाली. आन् वर माळ्यावर माझाच आवाज बोंबलत व्हता, "हाऽऽ हुर्रर्र! चल नीघ!" जाळ्यात अडकलेलं पाखरू निघणार कुठं?

मेलेली पाखरं मी टोपलीत टाकाय लागले तर मालकांनी हात धरला. "टाकू नको. परत टांग जाळ्याला. कावळा मारून टांगत्यात तसं. बाकीच्यास्नी दहशत बसंल."

टांगली. रोज सकाळी तेच. चिमण्या, सुगरणी, व्हलं, परदेशातनं आलेल्या भोरड्या. संक्रांत झाली आन् एका सकाळी जाळं हललंच न्हाय. शिवार गप झालं व्हतं. धार काढताना म्हशीच्या पायात दाणं टिपायला एक चिमणी आली न्हाय. सोनबा चहाला आला तवा म्हणाला, "जोतीराम, शिवारात औषधाला पाखरू ठेवलं न्हाय तुमी!" मालक हसलं. मीबी हसले.

३

पाखरं न्हाईत तर भोंगा कशाला? मालकांनी तो काढून आणला. मी सेल काढून डब्यात ठेवलं आन् भोंगा कोनाड्यात पालथा घातला.

दोन दिवसांनी मी परड्यात भांडी घासत व्हते. रानातनं आवाज आला. "हाऽऽ हुर्रर्र! हाऽऽ हुर्रर्र! चल नीघ!"

मला पहिल्यांदा काय वाटलंच न्हाय, बघा. सवय झाली व्हती. अर्धी कढई घासून झाली, आन् मग हातातली राख तशीच राहिली. उठून कोनाडा बघितला. भोंगा पालथाच. सेल डब्यात.

कुणीतरी टवाळकी करतंय, असं मी मनाला सांगितलं. सोनबाच्या मोबाईलवर भरून घेतला असंल आवाज. न्हायतर उसावर आपटून जुना आवाज परत येत असंल, पण आवाज असा शिळा होऊन कुठं येतोय व्हय? रागानं पाय आपटत मी बांधावर गेले. "कोण हाय रं मुडद्या? बाईमाणसाच्या आवाजाची चेष्टा करतोस? ये की बाहेर, तोंड दाखव!"

ज्वारी उभी व्हती, गप. पानबी हलंना. जाळ्यावरची पाखरं वाळून कोळ झाली व्हती. मी वळले, घराकडं चार पावलं आले असंन.

"तोंड दाखव!" मागनं आलं. माझाच आवाज. तसाच ठसक्यात.

मी पळाले न्हाय. पळाले असते तर बरं दिसलं नसतं. पण घरात आल्यावर कडी लावली, आन् मालकास्नी काय बोलले न्हाय. काय बोलणार? माझा आवाज रानात राहिलाय म्हणून?

४

मग कुत्रं गेलं. काळू नाव व्हतं. माझ्या हाकेशिवाय भाकरीला तोंड लावायचं न्हाय.

मी पीठ मळत व्हते, दोनी हात भरलेलं. काळू उंबऱ्यात बसलेला. आन् रानातनं हाक आली, "काळू! यू यू यू! ये बाळा, ये!"

काळूनं माझ्याकडं बघितलं. मग रानाकडं. परत माझ्याकडं. बिचाऱ्याला कळंना. मी "काळू, बस!" म्हणायच्या आधी त्यो शेपटी हलवत सुटला.

सांजच्याला मालकांनी त्याला ज्वारीतनं ओढून आणलं. अंगावर बोटभर जागा धड न्हवती. सगळीकडं बारीक बारीक भोकं, दाभणानं टोचल्यागत. डोळ्यांच्या जागी दोन खड्डं.

सोनबा म्हणाला, "बिबट्याच हाय. उसात लपतोय."

"बिबट्यानं खाल्लं असतं," मालक म्हणालं. "ह्याला खाल्लं न्हाय कुणी. ह्याला नुसतं मारलंय."

तवा मी सगळं सांगितलं. मालक हसतील वाटलं व्हतं. हसलं न्हाईत. म्हणालं, "मलाबी ऐकू येतंय चार दिस झालं. मला वाटलं, तूच हिंडतीस."

५

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाय. "अवो" म्हटलं की त्यांनी समजायचं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेबी नणंदांनी दार अडवलं म्हणून.

एका दुपारी मी रानात च्या घेऊन गेले तर मालक ज्वारीतनं मागं मागं सरकत बाहेर येत व्हतं. पाठ माझ्याकडं, तोंड आत. उजव्या हातावरनं रक्त कोपरापतूर आलेलं. माझी चाहूल लागताच ते किंचाळलं. माझा नवरा किंचाळलेला मी कधी ऐकला न्हवता. किटली माझ्या हातनं पडली.

"तू घरनं आलीस?" त्यांनी इचारलं.

"मग कुठनं येणार?"

"आतनं हाक मारलीस की मला! 'अवो, इकडं या जरा. पायात काटा मोडलाय.' मी शिरलो. मग परत म्हणालीस. पण लीले, दोन ठिकाणांहून. एकदम. डावीकडनं आन् उजवीकडनं." ते परत मागं ज्वारीकडं बघाय लागलं. "हात पुढं करून ताटं बाजूला सारत व्हतो, तर हाताला..." आन् ते थांबलं. हाताला काय लागलं, ते त्यांनी शेवटपतूर सांगितलं न्हाय. पंजाच्या पाठीवर काळूच्या अंगावर व्हती तसली भोकं व्हती.

घरी आणून मी हळद भरली. रडू आवरंना. ऋषिराजला फोन लावला. त्यो म्हणाला, "आई, ज्वारी सोडा तशीच. मी बारामतीतनं पोतं आणतो." मालकांनी फोन घेतला. "कुणाच्या भ्यानं सोडू? चिमण्यांच्या?" हट्टी माणूस. मातीत गेला तरी उभा राहील.

जेवताना मलाच युक्ती सुचली. "हे बघा, आजपासनं मी तुमाला 'अवो' म्हणणार न्हाय. 'अवो' ऐकलं की ती मी नव्हंच समजा. जागचं हलायचं न्हाय."

"मग हाक काय मारशील? शिट्टी?"

"नाव घेईन."

मालक चकित होऊन बघत राहिलं. मग मिशीतल्या मिशीत हसलं. "घे की मग. बघू."

मला लाज वाटली. या वयात, दुखऱ्या हाताच्या माणसापुढं! तोंडाला पदर लावला आन् म्हटलं, "जोतीराम."

"आणिक एकदा."

"जावा तिकडं!" मी म्हटलं, पण मला बरं वाटलं. कित्येक दिवसांनी आमी दोघं नीट झोपलो.

६

ज्वारी काढायला माणूस मिळंना. सगळी ऊसतोडीला. मग आमीच दोघं लागलो. कडेनं सुरवात केली, आत शिरायचं न्हाय असं ठरवून. ताट उपटायचं, आडवं टाकायचं, मागं बघायचं.

कणसं हलकी लागत व्हती. मी एक चोळून बघितलं. आत दाणा न्हवता. दुसरं चोळलं. तेबी रिकामं. बाहेरनं भरलेली दिसत व्हती सगळी. पाखरू तर एक न्हाय शिवारात, मग दाणा खाल्ला कुणी? मी मालकास्नी दाखवणार, तेवढ्यात आतनं हाक आली.

"अवो!"

मी त्यांच्यापासनं दहा पावलांवर, ताटांच्या पेंढीआड वाकलेली. त्यांना मी दिसत न्हवते. त्यांनी मान वर केली. "अवो, या की लवकर!" आवाजात रडं व्हतं. माझं रडं, बाळंतपणातलं. मालकांचा एक पाय उचलला गेला.

मी सगळ्या ताकदीनं ओरडले, "जोतीराम!"

पाय खाली आला. ते वळलं, मी उभी राहिले, आन् आमी दोघं एकमेकांकडं बघून खुळ्यागत हसाय लागलो. जिंकलो, असं वाटलं मला. आई भवानीची शपथ, जिंकलो असंच वाटलं.

मग लक्षात आलं, ज्वारीतला आवाज थांबलाय. सगळं रान थांबलंय. कुणीतरी मान वाकडी करून ऐकावं तसं.

माझं हसू गेलं. आपण काय करून बसलो ते मला तिथंच कळायला पाहिजे व्हतं. घरात मी एकदाच, हळू नाव घेतलं व्हतं. रानात मोठ्यानं पहिल्यांदाच.

७

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज नको जायला. मालक म्हणालं, चार ताटं वैरणीला तरी आणू, म्हस उपाशी हाय. गेलो. दुपारी मी पाणी आणायला मोटारीकडं गेले. मोटार उसाच्या पल्याड हाय, तिथनं ज्वारी दिसत न्हाय.

कळशी भरत आली व्हती.

"जोतीराम!"

माझा आवाज. कालचाच. तीच ताकद, तेच भ्यालेलं काळीज त्यात. पण मी तर तोंड मिटून उभी व्हते.

कळशी सोडून मी उसाच्या कडंनं पळत सुटले. पळता पळता ओरडले. काय ओरडले? पस्तीस वर्षांची जीभ! ती काय एका रातीत वळती व्हय? मी ओरडले, "अवो! अवो, थांबा! जाऊ नका!"

उसाच्या पल्याडनं त्यांचा आवाज आला, "आलो, लीले! तिथंच थांब, ते तुझ्या मागं हाय!"

ते माझ्यापासनं पळत व्हतं. मी ठरवून दिलं व्हतं तसंच करत व्हतं. मला वाचवायला आत पळत व्हतं.

मग मी नाव घेतलं. "जोतीराम! जोतीराम!" ऊर फुटंस्तवर घेतलं. पण आता ज्वारीतनं चहूबाजूंनी तेच नाव येत व्हतं, माझ्याच आवाजात, एकावर एक. त्यात माझं कुठलं हे मलाच कळंना. मग मालकांची किंकाळी आली. ती एकच व्हती.

८

मी विळा घेऊन शिरले. पानं तोंडाला कापत व्हती. कडेला बांबू नुसतंच उभं व्हतं, जाळं न्हवतं. आदल्या दिवशी व्हतं का, ते मला आठवंना.

जाळं आत व्हतं. मालक पालथं पडलं व्हतं आन् जाळं त्यांच्या अंगावर, डोक्यापासनं पायापतूर, घट्ट. हलत व्हतं. वारं न्हवतं.

मी एवढंच बघितलं, बाकी काय कुणी इचारू नका. जाळ्याला आमीच टांगलेली पाखरं व्हती. वाळलेली, पिसं झडलेली. माना मी ज्या बाजूला पिरगाळल्या त्याच बाजूला पडलेल्या. मी जवळ गेले तशा सगळ्या चोची एकदम उघडल्या. आन् माझ्याच आवाजात मला म्हणाल्या, "हाऽऽ हुर्रर्र! चल नीघ!"

त्यांनी मला हाकललं. माझ्याच शेतातनं.

मी निघाले न्हाय. विळा जाळ्यात घातला आन् ओढला. नायलॉन तुटंना. बोटं कापली, मनगटाला टोचलं, गालाला टोचलं, विळा कशात जातोय ते बघितलं न्हाय. करकर मोडत व्हतं काहीतरी. पहिल्या दिवशी जे जाळं कापू नको म्हणालं व्हतं, तेच मी मालकांच्या पाठीवर कापलं आन् पाय धरून त्यास्नी बांधापतूर ओढत आणलं. तिथं उताणं केलं.

डोळं न्हवतं.

९

दवाखान्यात बिबट्या लिहून घेतला. ऋषिराजनं ट्रॅक्टर आणून ज्वारीवर रोटर फिरवला, जाळ्यासकट. मातीत कायच सापडलं न्हाय म्हणाला. एक पीसबी न्हाय. अर्धा एकर आता नुसता काळा, सपाट हाय. त्याच्या पल्याड ऊस सुरू होतो, तो निरेपतूर.

आवाज आता उसातनं येतोय.

मालक जगलं. खाटेवर असत्यात, डोळ्यांवर पट्टी. ऋषिराजला म्हणत्यात, "तुझी आई आत अडकलीया रे. मी तिला सोडून आलो. तिला काढ." त्यो म्हणतो, "तात्या, आई हितंच हाय, तुमच्या उशाला." मालक मान हलवत्यात. मी पहिल्या दिवशी कानाशी जाऊन म्हटलं, "अवो, मीच हाय." त्यांनी दोनी हातांनी तोंड झाकून घेतलं आन् ते खाटेच्या कोपऱ्यात सरकलं. मग मी म्हटलं, "जोतीराम." तर ते रडाय लागलं. "हेबी शिकलंय ते," म्हणालं.

म्हणून मी बोलत न्हाय. घास भरवते, पाणी पाजते, हात धरून बसते. ऋषिराज असंल तवा दोघं मिळून धरतो. आज त्यो कामाला गेलाय. दुपार हाय. दाराला कडी हाय. तुमाला सांगताना माझा आवाज जरा चढला असंल, एवढंच.

आत्ताच उसातनं हाक आली. मायेची, लाजलेली. तोंडाला पदर लावून मारल्यागत.

"जोतीराम."

मालक उठून बसलं. किती दिवसांनी त्यांच्या मिशीत हसू आलं. पाय खाली सोडून ते चपला चाचपाय लागलं. मी दोनी हातांनी त्यांचा हात घट्ट धरला, छातीशी ओढला. त्यांनी पट्टी बांधलेलं तोंड माझ्याकडं वळवलं.

"कोण हाय बाई तू?" ते म्हणालं. "हात सोड माझा. माझी लीला बोलवतीया."